घरात एकटं असताना बाथरूमला कडी लावता का?

माई_वरळीकर

प्रश्न जरा चारचौघांत न विचारण्यासारखा आहे. पण इथे कोण कोणाला ओळखतंय, म्हणून विचारते. हसायचं त्यांनी खुशाल हसा.

घरात तुम्ही एकटे आहात. बाकीचे कामावर गेलेत, मेन दार लागलेलं आहे, कोणी यायचं नाही. तर संडास-बाथरूमला जाताना दार लावता का? लावत असाल तर नुसतं लोटून घेता की कडी पण घालता?

मी घालते. कडी घालते, मग एकदा दार ओढून बघते नीट लागलं का. नळ सोडते बादलीत, धार पडायला लागली की मगच बाकीचं. आंघोळीला जाताना गाऊन, टॉवेल, आतले कपडे सगळं आत खुंटीला. टॉवेल गुंडाळून बेडरूमपर्यंत चार पावलं यायचं म्हटलं तरी जिवावर येतं. घरात माझ्याशिवाय कोण, तर देव्हाऱ्यातले देव.

हे सुनेच्या लक्षात आलं. ती म्हणते, "आई, तुम्हाला बीपीची गोळी चालू, गुडघे हे असे. आत पडलात तर आम्ही काय दार तोडायचं? एकट्या असताना कडी लावायचीच नाही." पोरगी गुणाची आहे, काळजीनेच म्हणते. मग मी तसं करून पाहिलं. दार नुसतं लोटलं आणि बसले. खरं सांगते, काही होईना. सगळं लक्ष त्या फटीकडे. शेवटी उठून कडी घातली तेव्हा कुठे काम झालं.

आमच्या ह्यांचं बरोब्बर उलट. दार सताड उघडं, आत मोठ्याने अभंग चालू, आणि मधेच "अगं, साबण संपलाय" म्हणून हाक. एवढ्या वर्षांत हा माणूस शिकला नाही आणि मी पण नाही.

माझ्या सवयीला कारण आहे. लग्न होऊन वरळीच्या बीडीडीत आले, ती 2025 च्या ऑगस्टमध्ये टॉवरमधल्या घराची चावी हातात पडेपर्यंत तिथेच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजांनी 1920 च्या दशकात बांधलेल्या चाळी, एका मजल्यावर वीस खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. नळ आणि मोरी खोलीत, संडास मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून. आमच्या 160 फुटांत सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं आणि नंतर मुलगा.

मोरी म्हणजे कोपऱ्यात गुडघ्याएवढा कठडा. वर दोरी, दोरीवर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा. बायकांच्या आंघोळी पहाटे उरकायच्या. पुरुष उशी-चटई काखोटीला मारून झोपेतच गॅलरीत जायचे. सासऱ्यांना दमा, थंडीत त्यांना बाहेर काढणार कसं? ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि घोरायचे. झोपलेले नसायचे, मला कळायचं. मी निर्धास्त आंघोळ करावी म्हणून मुद्दाम घोरायचे. मी पडदा बाजूला केला की घोरणं बंद. या गोष्टीबद्दल आम्ही दोघं जन्मात एक शब्द बोललो नाही.

रात्री बायका संडासापर्यंत जायच्या नाहीत, तिकडचा बल्ब कोणीतरी नेहमी काढून नेलेला असायचा. मग लघवीला मोरीच. तीन फुटांवर माणसं झोपलेली. अशा वेळी तांब्याने हळूहळू पाणी ओतत राहायचं, म्हणजे आवाज झाकतो. सासूबाईंनीच शिकवलं, न बोलता, स्वतः करून दाखवून. नळ सोडायची माझी सवय ती.

आणि सकाळी संडासाची रांग. पावसाळ्यात दार फुगलं की कडी चौकटीच्या भोकात बसायची नाही. मग कोणीतरी खिळ्याला तारेचा आकडा केलेला, तो अडकवायचा आणि वर एका हाताने दार धरून बसायचं. बाहेरून डबा आपटून "कोण आहे आत?" नव्या सुनेने काय नाव सांगायचं? मी खाकरायची. माझं खाकरणं पुढे अख्ख्या मजल्याला पाठ झालं.

आता 500 फुटांचं घर आहे, टाइल्स लावलेलं बाथरूम आहे, कडी झकास लागते, आणि सून म्हणते लावू नका. तुम्ही काय करता? विशेषतः जे एकटे राहतात ते? मधला काही मार्ग आहे का?

एकटा_जीव

माई, मी वाकडला वन बीएचकेत एकटा राहतो. आमच्या बाथरूमच्या दारावर टॉवेल वाळत असतात, त्यामुळे ते लागतच नाही. बारा महिने उघडं. यामागे काही तत्त्वज्ञान नाही, आत एक्झॉस्ट फॅन चालत नाही आणि दार लावलं की घामाघूम व्हायला होतं. शिवाय डिलिव्हरीवाल्याची बेल ऐकू यायला हवी.

त्रास होतो तो गावी साताऱ्याला गेल्यावर. तिथे आई दर खेपेला "अरे दार!" म्हणून ओरडते आणि वहिनीसमोर माझी शोभा होते. ऑफिसात अजून विसरलेलो नाही, देवाची कृपा.

तुमच्या सासऱ्यांचं वाचून मात्र गप्प झालो.

सिस्टर_रिटायर्ड

माई, सून बरोबर सांगतेय. पालिकेच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते.

लोकांना वाटतं फरशी ओली म्हणून माणूस पडतो. फरशी असतेच ओली, पण पुष्कळदा माणूस आधी चक्कर येऊन जातो आणि मग पडतो. कडकडीत पाण्याने आंघोळ केली की रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. त्यात तुमची गोळी. कमोडवर कुंथून जोर केला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि त्यावर झटकन उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी. बैठ्या संडासावरून उठताना तर जास्तच. पुरुषांचा आणखी एक प्रकार आहे. रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करायची, आणि ती होता होताच कोसळायचं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी पण बीपी उतरतं. तेव्हा काका लोकांनो, रात्री बसून करा. बघायला कोण येतंय!

उठायच्या आधी थोडं बसून राहायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग धरून उठायचं. धरायला भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेलच्या रॉडला धरू नका, तो स्क्रूसकट भिंतीतून उपटून हातात येतो. असे रॉड हातात धरूनच आलेले पेशंट पाहिलेत.

आता कडीपेक्षा मला ज्याची जास्त धास्ती आहे ते सांगते. ज्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे आणि तो बाथरूमच्या आत लावलाय, त्यांनी आजच्या आज तो बाहेर काढावा. बंद बाथरूममध्ये हवा कमी पडली की तो गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम घातलेला असतो. याला वासच नाही, रंगही नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट याला धरून बसतं. डोकं दुखतं, मळमळतं, हातापायातलं बळ जातं, आणि दारापर्यंत जायचं सुचतच नाही. थंडी वाजते म्हणून खिडकीच्या काचा लावून, वर फटीत कापड कोंबून आंघोळ करणारी माणसं आहेत. धडधाकट, तरुण. इथे कडी लावलेली असो वा नसो, आधी खिडकी उघडी हवी.

टॉवरमध्ये तुमचा गीझर विजेचा असणार, तेव्हा तुम्हाला ही भीती नाही. बाकीच्यांसाठी लिहिलं.

भाड्याचं_घर

सगळे पडण्याबद्दल बोलतायत. मी सत्तावीस वर्षांची आहे, ठाण्याला एकटी राहते, आणि माईंसारखीच कडी घालते. माझं कारण वेगळं.

मी घरात एकटी आहे की नाही, हे माझ्या हातात नाही. मागच्या घराची दुसरी चावी घरमालकाकडे होती. एका रविवारी मी आंघोळ करत होते आणि हॉलमधून बोलण्याचा आवाज आला. घरमालक प्लंबरला घेऊन थेट आत! "बेल वाजवली होती की" म्हणे. शॉवरखाली बेल कोणाला ऐकू येते? मी आतून ओरडले, ते बाहेर गेले, पण त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं असतं तर? वर मलाच ऐकवलं, "घर आमचंच आहे ना." घर तुमचं, भाडं मी भरते त्या दिवसांचं मेन दार माझं.

आता नव्या घरात सामान लावायच्या आधी मेन दाराच्या लॅचचं सिलिंडर, म्हणजे चावी घालायचा भाग, बदलून घेतलं. जुनं पिशवीत घालून ठेवलंय, घर सोडताना परत बसवून देईन. मुलींनो, हे काम अर्ध्या तासाचं आहे, करून घ्या.

तरी कडी घालतेच. सवय म्हणा.

चौकट_बिजागरी

ताई, नाशिकला सुतारकाम-फर्निचरची कामं घेतो. तुमचा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. आजी-आजोबा आत अडकले म्हणून लोक मला फोन करतात, तेव्हा तोडावं लागतं ते बहुतेक मेन दार. बाथरूमचं दार हलकं असतं, खांदा दिला की आतला टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, चौकटीतून निघतो. पण एकटी माणसं काय करतात? मेन दाराला लॅच, वर आतून कडी, तिच्यावर साखळी, कुठे कुठे खाली आणखी एक बोल्ट. बाहेर मुलगा हातात चावी घेऊन उभा आणि चावीचा उपयोग शून्य. सुनेने तुम्हाला बाथरूमच्या कडीबद्दल सांगितलं, पण दुपारी एकट्या असताना तुम्ही मेन दाराला आतून कडी घालता का, ते विचारलं का? घालत असाल तर बाथरूमचं दार उघडं ठेवून काहीही साधत नाही. दिवसा नुसत्या लॅचवर राहा, आणि एक चावी भरवशाच्या शेजाऱ्याकडे.

आता बाथरूम. कडी पूर्ण काढायची गरज नाही. "आत खटका, बाहेर खाच" असलेलं बाथरूम लॉक मिळतं. आतून फिरवलं की बंद, बाहेरून खाचेत नाणं किंवा पेचकस घालून फिरवलं की उघडतं. गोल नॉबचं लॉक असेल तर बाहेर बारीक भोक असतं, त्यात पिन घातली की उघडतं. ती पिन घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी टांगा, नाहीतर नेमक्या वेळी सगळे ती शोधत फिरतात. चुकून कोणी दार उघडून आत येत नाही, आणि अडीअडचणीला दार तोडावं लागत नाही.

साधा टॉवर बोल्टच ठेवायचा असेल तर त्याची उंची बघा. आपल्याकडे तो डोक्याच्या वर लावायची पद्धत आहे. खाली पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. कमरेच्या खाली लावला तर सरपटत येऊन उघडता येतो.

बाहेरच्या बाजूला पण एक बोल्ट असतो बघा, पाल-झुरळं बाहेर येऊ नयेत, लहान मूल आत जाऊ नये म्हणून लावलेला. उभा बोल्ट असेल आणि ढिला झाला असेल तर दार धाडकन लावल्यावर तो आपल्या वजनाने खाली उतरतो आणि आतला माणूस कोंडला जातो. एकट्या माणसाच्या घरात हा बोल्ट नकोच. स्क्रू काढा आणि फेकून द्या.

राहिला पल्ला कुठे उघडतो ते. बहुतेक बाथरूमची दारं आत उघडतात, म्हणजे पल्ल्यावरचं पाणी आतच निथळतं आणि बाहेरच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये दार आडवं येत नाही. पण माणूस दारामागे पडला की त्याच्याच अंगाने दार अडतं. कडी नसली तरी उघडत नाही! जोर लावावा तर आत माणूस. नवीन घर करणाऱ्यांना मी सांगतो, म्हाताऱ्यांच्या बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा, नाहीतर सरकतं. ग्रॅनाइटची चौकट एकदा बसली की बदलणं अवघड, कारण पल्ला टेकायची खाच आतल्या अंगाला कापलेली असते.

माई_वरळीकर

बाई गं, एवढे सगळे कडीवर बोलतील असं वाटलं नव्हतं.

सिस्टर, दांड्याचं पटलं. आमच्याकडे तो टॉवेलचाच रॉड आहे आणि मी त्यालाच धरून उठते. आज मुलाला सांगितलं.

नाशिकचे भाऊ, तुम्ही बरोब्बर नाडी पकडलीत. मेन दाराला मी आतून कडी घालते. चाळीत दुपारी दार कधी लावलंच नाही. दार उघडं, पडदा सोडलेला, येता-जाता कोणीतरी "काय करताय वहिनी" म्हणून डोकावणार. खोलीचं दार उघडं आणि संडासाचं गच्च, असं होतं आमचं. आता टॉवरमध्ये समोरचा शेजारी पण दार लावून, लिफ्टमधून अनोळखी माणसं उतरतात, म्हणून मी कडी घालायला लागले. सुनेला हे सांगितलंच नव्हतं. ती आता नवीन भाषण देईल.

पण चावीचं मला गणित सुटत नाही. शेजारणीकडे चावी दिली, म्हणजे ती कधीही आत येऊ शकते. मग मी एकटी कुठे उरले? मग तर कडी घालायलाच हवी! ठाण्याची पोरगी म्हणते ते हेच ना? आमची शेजारीण जुनी चाळीतलीच आहे, चांगली आहे, पण तिला "येऊ का" विचारायची सवय नाही. आमच्यात कोणालाच नव्हती.

एकट्या जिवा, टॉवेल दारावर वाळत घालतोस ते ठीक, पण एक्झॉस्ट दुरुस्त करून घे रे बाबा.

निशीकासाईचा_नचिकेत

माईआजी, मी टोकियोला असतो, निशी-कासाईला. इथे आपली बरीच माणसं राहतात. तुमचा तांब्या वाचला आणि हे लिहायलाच बसलो.

जपानमध्ये बायका तेच करायच्या. आवाज झाकायला सारखा फ्लश ओढत राहायच्या. पाणी किती जायचं त्यात! म्हणून तोतो कंपनीने 1988 मध्ये एक यंत्र काढलं, ओतोहिमे नावाचं. बटण दाबलं की नुसता पाणी वाहिल्याचा आवाज येतो, पाणी एक थेंब जात नाही. आता ऑफिसं, दुकानं, स्टेशनं, कुठे कुठे बायकांच्या टॉयलेटमध्ये ते असतं. माझ्या जपानी सहकारी बाईंना तुमच्या तांब्याची गोष्ट सांगितली तर त्या इतक्या हसल्या, मग म्हणाल्या, त्यांची आजी पण असंच करायची.

नाशिकच्या दादांनी सांगितलेलं लॉक इथे घरोघरी असतं. आतून लावलं की बाहेरच्या बाजूला छोट्या खिडकीत निळ्याचं लाल होतं, आणि तिथेच नाण्याएवढी खाच. म्हणजे कोणी दारावर थाप मारायलाच नको, लाल दिसलं की आत माणूस आहे.

आंघोळीचं मात्र इथल्या म्हाताऱ्यांचं मोठं दुखणं आहे. हिवाळ्यात कपडे बदलायची खोली गारठलेली आणि टबातलं पाणी कढत. बीपी आधी चढतं, मग एकदम उतरतं. माणूस टबातच बेशुद्ध होतो आणि बुडतो. सरकारी सूचनाच आहेत की पाणी 41 अंशांच्या वर नको, टबात दहा मिनिटांच्या वर बसू नका, आणि आंघोळीला जाताना घरच्यांना सांगून जा. गीझरचं एक पॅनेल बाथरूममध्ये, एक स्वयंपाकघरात. बाथरूममधल्यावर हाक मारायचं बटण असतं, दाबलं की ओट्याजवळ टिंग टिंग वाजतं. एकट्याचं काय, हा प्रश्न त्यांचाही सुटलेला नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आंघोळीला जाताना लेकीला मेसेज टाकतात आणि बाहेर आल्यावर परत टाकतात. लेक ओसाकाला.

मी स्वतः? एकटा असलो तरी दार लावतो, कडी नाही. इथलं बाथरूम एवढंसं आहे की दार उघडं ठेवलं तर गुडघे पॅसेजमध्ये येतात.

राजापूरचे_आबा

आमच्या लहानपणी न्हाणीला दारच नव्हतं. मागच्या पडवीच्या टोकाला न्हाणीघर, चिऱ्याच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला माड. दाराच्या जागी पंचा टाकलेला दिसला की आत कोणीतरी आहे, एवढाच कायदा. कोणी मोडल्याचं आठवत नाही. परसाकडे तर लांब, काजूच्या बागेत, हातात डबा. वाटेत कोणी भेटलं तर डबा बघून न बोलता बाजूला व्हायचं. रस्त्यात "काय, बरं आहे ना" विचारणारा माणूसही डबा हातात असेल तर दुसरीकडे बघायचा.

आता मी एकटा. मुलं पुण्याला, आणि बायको गेली त्याला काळ झाला. बाथरूम घरात आलं, टाइल्स आल्या, दाराला कडी पण आहे. मी लावत नाही. पंचा टाकतो. कामवाली सकाळी कधीही येते, मागच्या दाराने. पंचा दिसला की ती परत मागे जाऊन भांडी घासायला घेते. आणि पंचा जास्त वेळ राहिला तर हाक मारते, "आबा, हाय ना वो?" मी आतून "होय" म्हणतो. "होय" नाही आलं तर पंचा बाजूला करायचा आणि आत यायचं, हे तिला सांगून ठेवलेलं आहे.

भाड्याचं_घर

आबा, तुमची कामवाली थांबते आणि हाक मारते. माझा घरमालक "बेल वाजवली होती की" म्हणतो. माईंनी शेजारणीला चावी द्यावीच, पण एक अट घालून. आधी फोन. फोन उचलला नाही तर बेल. बेलला पण उत्तर नाही तर मगच चावी. हे तिला तोंडावर सांगायचं, संकोच न करता. "तुमच्याकडे चावी आहे ती मी पडले तर, साखर संपली तर नाही."

सिस्टर_रिटायर्ड

आणि माई, फोन आत न्या. उंच कपाटावर नाही, खाली बसल्या हाताला लागेल असा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. सुनेला आत जाताना मेसेज, बाहेर आल्यावर मेसेज, जपानच्या आजींसारखा. आंघोळीला तरी करा. दर वेळच्या लघवीला केलात तर ती तुमचा नंबर ब्लॉक करेल.

माई_वरळीकर

हा हा, सिस्टर! सून वाचतेय शेजारी बसून, म्हणते ब्लॉक नाही करणार.

तिच्याशी बोलणं झालं. मेन दाराची आतली कडी दिवसा घालायची नाही, नुसता लॅच. चावी शेजारणीकडे, ठाण्याच्या पोरीने घातलेल्या अटीसकट. शेजारीण म्हणाली, "अगो, मी काय तुझ्या संडासात डोकावणार आहे?" मी म्हटलं, डोकावशील गं, चाळीत डोकावत होतीसच की. दोघी हसलो, पण अट तिने मान्य केली.

बाथरूमची कडी मात्र मी सोडणार नाही. सुनेलाही तसं सांगितलं. तिने नाण्याने उघडणाऱ्या लॉकवर तडजोड केली आहे. आणि नळ चालू राहणार. पाण्याचं बिल सोसायटीत विभागून येतं, तेव्हा ह्यांनी पण ओरडायचं कारण नाही.

नाशिकचे भाऊ, आता कामाचं विचारते. आमच्या बाथरूमचं दार कसलंसं फायबरचं आहे, आत ठोकून बघितलं तर पोकळ वाटतं. त्यात ते लॉक बसेल का? इथला दुकानदार म्हणतो बसेल, पण त्याला विकायचंच आहे. आणि बाहेरचा बोल्ट काढल्यावर जी भोकं राहतील त्यांचं काय करायचं?

चौकट_बिजागरी

ताई, पोकळ वाजतं ते मधल्या भागात. लॉकच्या जागी, म्हणजे कडेला मधोमध, बहुतेक दारांत आत लाकडाचा ठोकळा भरलेला असतो. कडेपासून चार बोटं आत ठोकून बघा, तिथे भरीव आवाज आला तर लॉक बसेल. नाही आला तर कापायचं लॉक नको, पल्ल्यावर वरून बसणारं घ्या, त्याला पण बाहेरून उघडायची सोय असलेलं मिळतं. दुकानात जाताना पल्ल्याची जाडी मोजून न्या, 25 एमएम आणि 35 एमएमचे बार वेगळे येतात, इथेच लोक फसतात. बसवणाऱ्याला सांगा की नाण्याची खाच बाहेर यायला हवी. हसू नका, उलटी बसवलेली मी स्वतः जाऊन काढून दिली आहेत. भोकांत पांढरं सिलिकॉन भरा, एम-सील भरलं तर पिवळं दिसतं.